वाट दाखवणारे अ‍ॅप आणि गाडीची वाट पाहणारे उलवे

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी 'मुंबई वन' नावाच्या अ‍ॅपचेही लोकार्पण करण्यात आले. विमानतळाच्या भव्यतेपुढे ही दुसरी बातमी साहजिकच झाकोळून गेली. सामान्य माणसाच्या रोजच्या जीवनाशी मात्र तिचाच संबंध अधिक निकटचा आहे. विमानाने जाणारा वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जातो. लोकलने, बसने वा रिक्षाने जाणारा दिवसातून दोनदा जातो.

विमानतळाला लागून वसलेल्या उलवे नगरात या दोन्ही बातम्या एकत्र येतात. खाडी, खाजण आणि डोंगर यांच्या या परिसरात आज उंच इमारतींची रांग उभी आहे. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सपाट करण्यात आला, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि अनेक गावांना आपली जागा सोडावी लागली. एवढी मोठी किंमत मोजून जे नगर उभे राहत आहे, तेथील माणूस रोज कसा प्रवास करणार, किती इंधन जाळणार आणि किती धूर हवेत सोडणार, हे ठरण्याचा काळ हाच आहे. नव्या नगरातील प्रवासाच्या सवयी पहिल्या काही वर्षांत पडतात. एकदा घरात मोटार आली, तिचे हप्ते सुरू झाले की ती दारात उभी ठेवून कोणी लोकलची वाट पाहत नाही.

ऊर्जेची बचत करणारा प्रवास निवडण्यास माणसाला प्रवृत्त करणारी अ‍ॅप्स आज जगभर आहेत. त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, याचा विचार उलव्याच्या निमित्ताने करणे उद्बोधक ठरेल.

तीन प्रकारची अ‍ॅप्स

या अ‍ॅप्सचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार मोटार चालवणाऱ्याला काटकसर शिकवणारा. गुगल मॅप्सने कमी इंधन लागणारा रस्ता सुचवण्याची सोय अमेरिकेत २०२१ साली सुरू केली आणि भारतात ती आणत असल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. चढ, वळणे, वाहतुकीची कोंडी यांचा हिशेब करून हे अ‍ॅप रस्ता दाखवते. थोडेफार इंधन त्यामुळे नक्की वाचते. पण प्रवास मोटारीचाच राहतो.

दुसरा प्रकार सार्वजनिक वाहतूक सुलभ करणारा. या बाबतीत मुंबईकर जगाच्या मागे नाहीत, किंबहुना काही वर्षे पुढेच होते. सचिन टेके या तरुणाने तयार केलेले 'एम-इंडिकेटर' २०१० च्या सुमारास आले, तेव्हा बहुसंख्यांच्या हाती साधे बटणांचे मोबाइल होते. लोकलचे वेळापत्रक त्यात इंटरनेटशिवाय दिसत असे, म्हणूनच ते घरोघरी पोहोचले. पुढे मध्य रेल्वेने २०२२ साली 'यात्री' अ‍ॅपवर लोकल प्रत्यक्षात कुठवर आली आहे हे दाखवण्यास प्रारंभ केला. बेस्टने डिसेंबर २०२१ मध्ये 'चलो' अ‍ॅपद्वारे तिकीट आणि बसचा माग या दोन्ही सोयी दिल्या. रेल्वेचे 'रेलवन' १ जुलै २०२५ रोजी आले. त्यानंतर आलेल्या 'मुंबई वन'मध्ये मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे, बेस्ट, ठाणे, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई येथील परिवहन सेवा अशा एकूण अकरा सार्वजनिक सेवा एका पडद्यावर आणण्याची योजना आहे. एकाहून अधिक वाहने बदलून जाण्याचा मार्ग शोधणे आणि त्यासाठी एकच तिकीट काढणे, हे तिचे मुख्य सूत्र होय.

तिसरा प्रकार माणसाच्या वर्तनाचा हिशेब ठेवून त्याला बक्षीस देणारा. इटलीतील बोलोन्या शहराने २०१७ साली 'बेला मोसा' नावाचा उपक्रम राबवला. चालत, सायकलने वा बसने जाणाऱ्याला अ‍ॅपवर गुण मिळत आणि ते स्थानिक दुकानांत वापरता येत. फिनलंडमधील लाहती शहराने त्यापुढे पाऊल टाकले. तेथील 'सिटीकॅप' अ‍ॅप प्रत्येक सहभागी नागरिकाला प्रवासासाठी कार्बनचा ठरावीक वाटा देई. त्यातून जो बचत करी त्याला त्या बचतीच्या बदल्यात बसचे तिकीट वा तत्सम सवलत मिळे.

बक्षिसाने सवय बदलते काय?

आपल्या देशातही असा एक प्रयोग झाला आहे, तोही स्मार्टफोन सर्वसामान्य होण्यापूर्वी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक बालाजी प्रभाकर यांनी २००८-०९ मध्ये बंगळुरूच्या इन्फोसिस कंपनीत तो केला. गर्दीच्या वेळेआधी कामावर पोहोचणाऱ्या कर्मचाऱ्यांना गुण आणि आठवड्याच्या सोडतीत रोख बक्षीस मिळण्याची संधी देण्यात आली. लवकर येणाऱ्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली आणि बसचा सरासरी प्रवासही लक्षणीयरीत्या कमी वेळात होऊ लागला. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या कर्मचाऱ्यांसाठी कंपनीच्या बस आधीपासून धावत होत्या. बक्षिसाने त्यांची वेळ बदलली. वाहन त्यांच्यापाशी होतेच.

स्वित्झर्लंडमधील 'गोइको' या अ‍ॅपच्या अभ्यासातून आणखी एक धडा मिळतो. तिचिनो आणि झुरिक या दोन प्रदेशांत हा प्रयोग झाला. झुरिकमध्ये सार्वजनिक वाहतूक आधीच उत्तम असल्याने अ‍ॅपमुळे विशेष फरक पडला नाही. तिचिनोत लोक मोटारीवर अधिक विसंबून होते. तेथे फरक दिसला, परंतु तो मुख्यतः रोजच्या ठरलेल्या वाटेवरच्या प्रवासात. म्हणजे मोटारीची सवय असलेल्या ठिकाणी अ‍ॅपला वाव असतो आणि घर ते कचेरी, घर ते शाळा ही त्याची खरी कार्यभूमी होय. अर्थात, तिचिनोतल्या माणसाला मोटार सोडल्यावर चढण्यासाठी वेळेवर येणारी आगगाडी होती, हेही विसरता येणार नाही.

याउलट हेलसिंकीचे 'व्हिम' अ‍ॅप पाहा. बस, ट्राम, टॅक्सी, भाड्याची सायकल हे सारे एका वर्गणीत देणारे हे अ‍ॅप २०१६ पासून जगात आदर्श म्हणून गाजले. २०२४ साली त्याची मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. हेलसिंकीच्या ट्राम मात्र चालू राहिल्या. अ‍ॅप येतात आणि जातात. शहराला तारून नेते ती प्रत्यक्ष धावणारी सेवा.

उलव्याचे गणित

आता हे निकष उलव्याला लावून पाहू. नेरूळ-उरण रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली १९९० च्या दशकात. त्याचा खारकोपरपर्यंतचा पहिला टप्पा ११ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाला आणि उलव्याला बामणडोंगरी व खारकोपर ही दोन स्थानके मिळाली. उरणपर्यंत गाडी गेली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. त्याच दिवशी शिवडी-न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटर लांबीचा सागरी सेतूही खुला झाला, जो आज अटल सेतू म्हणून ओळखला जातो.

हा योगायोग अर्थपूर्ण आहे. एकाच दिवशी उलव्यापुढे दोन वाटा उघडल्या. सेतूवरून मोटार कोणत्याही क्षणी काढता येते. रेल्वेवर मात्र त्या वेळी दोन्ही दिशा मिळून दिवसाला ४० फेऱ्या होत्या, म्हणजे एका दिशेला २०. त्याही नेरूळ आणि बेलापूर अशा दोन शाखांत विभागलेल्या. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या अठरा-एकोणीस तासांत त्या वाटल्या तर सरासरी तासाला एक गाडी येते. डिसेंबर २०२५ मध्ये दहा फेऱ्यांची भर पडली आणि तरघर व गव्हाण येथेही गाड्या थांबू लागल्या, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तरीही सरासरी अंतर पाऊण तासाच्या आसपासच राहते. शिवाय मुंबईला जाणाऱ्याला नेरूळ किंवा बेलापूरला उतरून हार्बरची गाडी पकडावी लागते. एक गाडी दहा मिनिटे उशिरा आली आणि पुढची हुकली, तर कचेरीच्या हजेरीपटावर लाल शेरा ठरलेला.

अशा प्रवाशाच्या हातात कितीही उत्तम अ‍ॅप दिले तरी ते त्याला काय सांगणार? पुढची गाडी चाळीस मिनिटांनी आहे, एवढेच. ही माहिती निरुपयोगी नाही. घरून केव्हा निघावे हे तिच्यामुळे कळते आणि फलाटावरचा ताटकळत उभा राहण्याचा वेळ वाचतो. जेथे गाड्या विरळ असतात तेथे अचूक वेळ कळण्याचे मोल उलट अधिकच. दादरला गाडी हुकली तर दुसरी मागोमाग येते. खारकोपरला हुकली तर दिवसाचे गणित बिघडते. पण हीच माहिती घाईत असलेल्या माणसाला मोटारीची किल्ली उचलण्यासही प्रवृत्त करते.

ऊर्जेच्या दृष्टीने या किल्लीचे मोल किती आहे? एक साधा हिशेब करून पाहावा. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरमागे १५ किलोमीटर धावणारी मोटार घेऊन एकटा माणूस जाऊन-येऊन ६० किलोमीटर प्रवास करत असेल तर रोज ४ लिटर पेट्रोल आणि ९ किलोंहून अधिक वायू. महिन्याचे २२ कामाचे दिवस धरले तर हा आकडा २०० किलोंवर जातो. त्याच मोटारीत चौघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलो येतात. लोकलला लागणारी वीजही आपल्या देशात मुख्यत्वे कोळशातूनच येते, हे खरे. पण बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसण्याच्याच जागा हजाराच्या वर असतात. गाडी भरलेली असेल तर तिचा भार एवढ्या जणांत वाटला जातो.

राज्य शासनाने ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेवर चालणाऱ्या मोटारींना पथकर माफ केला आहे. धूर कमी करण्याच्या दृष्टीने हे योग्य असेल. तथापि मोटार विजेची झाली तरी रस्त्यावर ती जागा तेवढीच अडवते आणि ती विकत घेण्याची ऐपत मोजक्याच घरांत असते. दुचाकीला तर सेतूवर मुळीच प्रवेश नाही. मोटारीसाठी सेतूचा एकेरी पथकर प्रारंभी २५० रुपये ठरला होता. उलव्यातील पहारेकरी, घरकाम करणारी बाई, विमानतळावर सफाईचे काम धरणारा तरुण यांच्यासाठी निवड मोटार की लोकल अशी नसतेच. त्यांना लोकल, बस किंवा शेअर रिक्षा एवढाच पर्याय असतो. ऊर्जा वाचवणारा प्रवास ते आजच करत आहेत. त्यासाठी त्यांना ना गुण मिळतात ना बक्षीस. मिळते ती गर्दी आणि प्रतीक्षा.

एक पडदा, अनेक धनी

उलव्याची दुसरी अडचण प्रशासकीय आहे. हे नगर वसवले सिडकोने. ते नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येत नाही आणि २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेतही येत नाही. मूळ गावांत ग्रामपंचायती आहेत. रेल्वे केंद्राची, सेतू मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, बस शेजारच्या महापालिकेच्या. बस कमी पडते म्हणून उलव्याच्या नागरिकाने नगरसेवकाकडे जावे, तर त्याला त्या महापालिकेत मतच नाही.

'मुंबई वन'सारख्या अ‍ॅपने प्रवाशाच्या डोळ्यांपुढे या सर्व सेवा एकत्र आणल्या, हे निःसंशय मोठे काम आहे. पण पडद्यावरची एकी आणि वेळापत्रकाची एकी या भिन्न गोष्टी आहेत. बामणडोंगरीला गाडी आली की त्याच वेळी बाहेर बस उभी असावी, यासाठी अकरा संस्थांची बोधचिन्हे एका पडद्यावर येऊन भागत नाही. त्यासाठी त्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाभोवती बसावे लागते आणि ते बसले की नाही, याची कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात शहरांतील वाहतुकीचा विचार केला आहे. सार्वजनिक वाहतुकीला अग्रक्रम द्यावा, असे ते सांगतात. त्याच ठिकाणी ते एक व्यावहारिक सत्यही नोंदवतात: अनेक शहरांत गर्दी, गैरसोय, क्वचित येणाऱ्या गाड्या आणि असुरक्षितता यांमुळे माणसाला अपमानास्पद वागणूक सहन करावी लागते आणि ती सुधारल्याशिवाय समाज असे बदल सहजासहजी स्वीकारणार नाही. पर्यावरणाचा प्रश्न आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न येथे एकच होतो. खारकोपरच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अ‍ॅपचा हिशेब दोन्ही बाजूंनी

मग अ‍ॅप निरर्थक आहे काय? मुळीच नाही. मात्र आजवर त्याचा हिशेब एकाच बाजूने मांडला गेला. तुम्ही किती चाललात, किती कार्बन वाचवला, असे ते नागरिकाला विचारते. तेच अ‍ॅप प्रशासनालाही प्रश्न विचारू शकते. कोणत्या स्थानकावरून कोणत्या वेळी किती लोकांनी मार्ग शोधला, त्यांना किती मिनिटे थांबावे लागेल असे उत्तर मिळाले आणि त्यांपैकी किती जणांनी पुढे तिकीट काढलेच नाही, ही सारी माहिती यंत्रणेपाशी साठू शकते. न काढलेले तिकीट हीसुद्धा एक तक्रार असते. ती वाचली गेली पाहिजे.

या दृष्टीने तीन मागण्या उलव्यासारख्या नगरांनी लावून धरायला हव्यात. पहिली, अशा अ‍ॅपमधून प्रत्येक स्थानकावरील व बसथांब्यावरील प्रतीक्षेचा काळ दरमहा जाहीर व्हावा. व्यक्तीचे नाव व तिच्या हालचाली गुप्त राहाव्यात. आकडे मात्र लोकांपुढे यावेत. दुसरी, रेल्वे आणि बस मिळून एकच भाडे असावे, जेणेकरून वाहन बदलल्याचा भुर्दंड प्रवाशावर पडणार नाही. एकाच तिकिटावर दोन भाडी छापून येणे हे एकीकरण नव्हे. तिसरी, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला तो वापरता येत नाही, वा ज्याच्या फोनची बॅटरी संध्याकाळी संपलेली असते, त्याच्यासाठी तिकीट खिडकी आणि ठळक अक्षरांतील मराठी वेळापत्रक कायम राहावे. अ‍ॅपवर मिळणारी सवलत खिडकीवर नाकारली गेली, तर ऊर्जा वाचवणाऱ्या गरिबालाच जादा पैसे मोजावे लागतील.

नागरिकांच्या हाती काहीच नाही, असेही म्हणता येणार नाही. तिचिनोचा अनुभव सांगतो त्याप्रमाणे रोजची ठरलेली वाट हीच बदलाची जागा आहे. एका गृहसंकुलातून एकाच दिशेला जाणाऱ्या चार मोटारींची एक मोटार होऊ शकते. त्यासाठी संकुलाचा व्हॉट्सअ‍ॅप गट पुरतो. आठवड्यातून दोन दिवस लोकलने जायचे ठरवले तर महिन्याचा मोटारीचा धूर जवळपास दोन-पंचमांशाने घटतो. निघण्यापूर्वी गाडीची वेळ पाहून पंधरा मिनिटे आधी उठणे, स्थानकापर्यंत चालत जाणे, मुलांना शाळेत सोडताना शेजारच्या मुलालाही सोबत घेणे, या गोष्टी छोट्या आहेत. पण नव्या नगरात त्या लवकर रूढ होतात. चालण्याजोगा पदपथ आणि पावसाळ्यात चिखल न होणारा रस्ता असला तर त्या अधिक लवकर रूढ होतील, हे ओघाने आलेच.

विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला २ कोटी प्रवाशांसाठी बांधण्यात आला आहे. त्यांना नेणारे-आणणारे, तेथे काम करणारे, त्यांच्यासाठी दुकाने चालवणारे असे हजारो लोक उलव्याच्या रस्त्यांवर येऊ लागले आहेत. ते लोकलकडे वळतील की मोटारीकडे, हे येत्या चार-पाच वर्षांत ठरेल. त्यानंतर उपदेशाचा वा बक्षिसाचा फारसा उपयोग होणार नाही. योग्य वाट कोणती, हे अ‍ॅप आज सांगू शकते. त्या वाटेवर दर दहा मिनिटांनी गाडी धावेल, अशी व्यवस्था करणे हे रेल्वे, सिडको आणि शासन यांचे काम आहे आणि ते झाले की नाही, हे विचारत राहणे आपले.